दहावीची स्मरणिका: १५२ नावांचं पुस्तक कसं झालं

पुण्यातल्या मराठी शाळांत दहावीच्या मुलांनी जाता जाता स्मरणिका काढावी, ही कल्पना दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात निघते. बहुतेक वेळा ती पूर्वपरीक्षेच्या धांदलीत मागे पडते, आणि शेवटी हाती उरतात शुभेच्छा समारंभातला एक ग्रुप फोटो आणि फोनमध्ये पडून राहिलेली चारशे छायाचित्रं. आमच्या २०२४-२५च्या बॅचचं पुस्तक मात्र छापून हातात आलं. ए-५ आकार, ९६ पानं, १८० प्रती. ते कसं झालं, कुठे अडलं आणि काय दुसऱ्यांदा करावं लागलं ते सविस्तर लिहितोय. आम्ही सुरुवात केली तेव्हा मुलांना काय विचारायचं इथपासून कागद कुठला घ्यायचा इथपर्यंत सांगणारं कुणी नव्हतं. पुढच्या बॅचला तरी ते मिळावं.

आधी या बॅचची एक अडचण सांगायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्यामुळे ठरलं. आम्ही पाचवीत आलो जून २०१९ मध्ये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पाचवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. सहावी जवळजवळ सगळी पडद्यावर गेली आणि सातवीचाही मोठा भाग. म्हणजे ‘हायस्कूलची सहा वर्षं’ असं म्हणताना मधली दीड-दोन वर्षं शाळेची इमारतच त्यात नाही. इयत्तावार स्मरणिका करायला बसलं की तिथे भगदाड पडतं.

पहिलं काम नावांचं. दहावीच्या तीन तुकड्यांचे कॅटलॉग, म्हणजे हजेरीची पुस्तकं, घेतली की १३२ नावं मिळतात आणि यादी झाल्यासारखी वाटते. पण पाचवीच्या तीन तुकड्यांत मिळून १४१ मुलं होती. त्यांतली १२१ शेवटपर्यंत राहिली, ११ मधे कधीतरी नव्याने आली आणि २० शाळा सोडून गेली. गेलेल्यांपैकी बरीचशी सहावी-सातवीतच गेली. घर गावाकडे हललं, भाडं परवडेना, वडिलांचं काम सुटलं. वर्ग भरत असता तर बाक रिकामा दिसला असता आणि कुणीतरी विचारलं असतं. पडद्यावरचा एक चौकोन कमी झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. ही २० मुलं पुस्तकात हवीतच, हे अगदी सुरुवातीला ठरलं. त्यामुळे पुस्तक १५२ जणांचं झालं.

नावं मिळवायच्या दोन वाटा आहेत. एक कार्यालयातून जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकाच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद असते. पण त्यातच जन्मतारीख, जात, आईचं नाव असा बाकीचाही तपशील असतो, म्हणून ते मुलांच्या हातात देत नाहीत आणि मागूही नये. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करायचा, ‘फक्त नाव आणि तुकडी हवी आहे’ असं स्पष्ट लिहायचं. लिपिक त्यांच्या सवडीने यादी काढून देतात. अर्ज जुलैत द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यालयाला बोर्डाच्या कामातून मान वर करायला फुरसत नसते.

दुसरी वाट हजेरीची, आणि ती आमच्या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट होती. पाचवीतल्या एका तुकडीची पाच-सहा मुलं एकत्र बसवायची आणि एकाने त्या वेळच्या वर्गशिक्षिका बाईंच्या चालीवर हजेरी म्हणायला घ्यायची. ‘कोण कोण होतं, आठव’ असं विचारलं तर पंधरा-वीस नावांनंतर गाडी थांबते. क्रमाने म्हटलं की थांबत नाही. आपल्या आधीचं आणि आपल्या नंतरचं नाव प्रत्येकाच्या कानात पक्कं असतं, कारण वर्षभर आपली पाळी आल्याची खूण तीच होती. क्रम म्हणताना जीभ जिथे अडखळते, तिथे हमखास एक नाव गळलेलं असतं. मग सगळे गप्प होतात आणि पाच-दहा सेकंदांत कुणाच्या तरी तोंडून ते बाहेर पडतं. तिन्ही तुकड्यांच्या हजेऱ्या अशा म्हणून लिहून घेतल्या. नंतर कार्यालयाच्या यादीशी ताडल्या तेव्हा १४१ पैकी फक्त चार नावं सुटलेली निघाली.

नाव कसं लिहायचं हे ज्याच्या त्याच्या हाताने देवनागरीत लिहून घ्या. इंग्रजी यादीवरून देवनागरी केलं की ऋतुजाची रुतुजा होते, श्रुतीची श्रृती होते. नाव आणि आडनाव एवढंच छापायचं. पत्ता, फोन नंबर, वाढदिवस यांतलं काहीही नाही. छापलेलं पुस्तक पुढे कुणाच्या हातात जाईल हे आपल्याला ठरवता येत नाही. फोटोंसाठी पालकांची सही असलेली चिठ्ठी प्रत्येकाकडून घेतली.

आता मजकूर. पहिल्या फेरीत ‘शाळेतली अविस्मरणीय आठवण लिहा’ असं सांगितलं होतं. ४० कागद आले आणि जवळजवळ सगळे निबंध होते. सोनेरी दिवस, ज्ञानमंदिर, शिक्षकांचे ऋण, पाखरं उडून चालली. यात मुलांचा दोष नाही. उत्तरपत्रिकेत ज्या भाषेला गुण मिळतात तीच भाषा हाताला वळण लावून बसलेली असते, आणि ‘अविस्मरणीय’ हा शब्द दिसला की हात आपोआप त्या वाटेला लागतो. ते ४० कागद बाजूला ठेवून प्रश्न बदलले. अर्ध्या पानाची चिठ्ठी केली, तिच्यावर पाच प्रश्न:

पाचवीत पहिल्या आठवड्यात तुझा बाक कुठे होता आणि शेजारी कोण? मधल्या सुट्टीत डबा कुठे बसून खायचास आणि कोणाच्या डब्यातलं काय उचलायचास? एखाद्या सरांचं किंवा बाईंचं एक वाक्य, त्यांनी म्हटलं तसंच. कोणाचं काय घेतलं होतंस आणि परत द्यायचं राहिलं? शाळेच्या इमारतीतली अशी कुठली जागा, जिथे उभं राहिलं की तुला काहीतरी ऐकू येतं?

सगळ्यांत जास्त मजकूर चौथ्या प्रश्नाने दिला. कंपासमधला कर्कटक, ओरिगामीचा कागद, सहामाहीच्या पेपरला घेतलेली निळी रिफिल, क्रिकेटचा चेंडू, ग्रंथालयाचं पुस्तक. त्यात नाव येतं, वस्तू येते, वर्ष येतं आणि दोन मुलांमधलं नातं आपोआप येतं. मैत्रीबद्दल थेट प्रश्न विचारला असता तर यातलं काहीच आलं नसतं. पाचव्या प्रश्नाला बऱ्याच जणांनी जिन्याचं वळण लिहिलं, कारण तिथे वरच्या मजल्यावरची पाढ्यांची घोकणी आणि खालच्या मैदानावरची शिट्टी एकदम ऐकू येते. हे तोवर कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं, आणि चिठ्ठ्या एकत्र लावल्यावरच कळलं की निम्म्या वर्गाच्या कानात तोच आवाज आहे.

चिठ्ठी ऑफ तासाला वाटायची आणि त्याच तासाला परत घ्यायची. १५ मिनिटं पुरतात. घरी नेलेली चिठ्ठी परत येत नाही. सहामाहीनंतर आणि पूर्वपरीक्षेच्या आधी, म्हणजे डिसेंबरचे पहिले दोन आठवडे यासाठी उत्तम. जानेवारी लागला की मुलांचं चित्त थाऱ्यावर नसतं. प्रत्येकाच्या वाट्याला ६० शब्द ठेवले, एका पानावर तिघंजण, १३२ जणांची ४४ पानं. ६० शब्दांची मर्यादा कडक पाळली, पहिल्या येणाऱ्यालाही आणि नापास होत होत इथवर आलेल्यालाही.

मग एक नियम लावला. प्रत्येकाचं नाव पुस्तकात किमान दोनदा यायला हवं: एकदा स्वतःच्या मजकुरावर आणि एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी मजकुरात. पहिला खर्डा तयार झाल्यावर यादी समोर ठेवून खुणा केल्या तेव्हा दिसलं की ३१ मुलांचं नाव दुसऱ्या कुणीही घेतलेलं नाही. काही मुलं पाच-पाच, सहा-सहा जणांच्या आठवणीत आणि ही कुणाच्याच नाहीत. हा आकडा पाहून दोन दिवस काम पुढे सरकलं नाही. उपाय सापडला तो बाकांच्या नकाशात. पाचवी, आठवी आणि दहावीच्या प्रत्येक तुकडीचा वर्ग कागदावर काढला: फळा, दार, खिडक्या, बाकांच्या रांगा. प्रत्येक बाकावर दोन नावं. मग त्या ३१ जणांच्या शेजारी, पुढे आणि मागे कोण बसायचं ते नकाशावरून पाहून त्यांनाच जाऊन विचारलं, ‘हा तुझ्या पुढे बसायचा, काय आठवतं?’ आठवत होतं. अगदी बारीकसारीक आठवत होतं: वहीला चढवलेलं खाकी कव्हर, डाव्या हाताने लिहिताना लागणारं कोपर, गणिताच्या तासाला हळूच सरकवलेलं उत्तर. तोवर विचारलंच नव्हतं, एवढंच. ज्यांना स्मरणिका करायची आहे त्यांनी बाकांचा नकाशा सगळ्यांत आधी काढावा. आम्ही तो शेवटी काढला आणि तीन आठवडे घालवले.

तारखा तपासाव्या लागतात. आठवण खरी असते, पण तिचं वर्ष भलतंच असतं. यासाठी शहराचं एक छोटं कॅलेंडर करून भिंतीला लावलं. पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, तेव्हा आम्ही पाचवीत. मुठेचं पाणी एकतानगरीत शिरलं आणि शाळांना सुट्टी मिळाली २५ जुलै २०२४ ला, तेव्हा दहावीत. निदान दहा चिठ्ठ्यांत हे दोन पूर एकमेकांत मिसळले होते. पालख्या २०२० आणि २०२१ ला पायी आल्याच नाहीत, त्यामुळे ‘सहावीत दिंडीत लेझीम खेळलो’ हे शक्य नाही. ते पाचवीतलं किंवा आठवीतलं असणार. मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला, सातवीच्या शेवटी, म्हणून कोथरूडहून मेट्रोने येण्याच्या सगळ्या गमती त्यानंतरच्या. राज्यगीत परिपाठात आलं ते १९ फेब्रुवारी २०२३ नंतर, म्हणजे आठवी संपता संपता. चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहानंतर, तेव्हा नववी. अशा सात-आठ खुंट्या ठोकल्या की बाकीच्या आठवणी त्यांच्या आधी की नंतर एवढं विचारून जागच्या जागी बसतात. चुकलेलं वर्ष लिहिणाऱ्याला विचारूनच बदलायचं, गुपचूप नाही.

सहावीचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. एक मत होतं की दोन पानं कोरी सोडावीत. आम्ही ते केलं नाही, कारण ते वर्ष कोरं नव्हतं. वेगळ्या ठिकाणी घडलं होतं, एवढंच. त्या वेळचे वर्गाचे ग्रुप आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर होते आणि त्यांतले बरेच फोन आता बदललेले आहेत. तरी प्रत्येक तुकडीत दोन-तीन आया अशा सापडल्या ज्यांनी ग्रुप पुसला नव्हता. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपचं संभाषण निर्यात करायची सोय आहे. फोटोंशिवाय निर्यात केलं तर साध्या मजकुराची फाइल मिळते आणि ती तारखेप्रमाणे वाचता येते. आई-वडिलांचे खासगी निरोप त्यात मिसळलेले असतात, म्हणून ज्या घरचा फोन त्याच घरच्या मुलाने ती फाइल वाचायची आणि फक्त शाळेच्या सूचना व मुलांचे निरोप उतरवून द्यायचे, असं ठरवलं. त्यातून मिळालेलं जसंच्या तसं छापलं: ‘बाई आवाज येत नाहीये’, ‘माईक बंद करा’, ‘डेटा संपला, उद्या गृहपाठ पाठवतो’, ‘एकच फोन आहे, ताईची तासिका चालू आहे’. शेवटचा निरोप वेगवेगळ्या शब्दांत १४ वेळा सापडला. त्याच दोन पानांच्या शेवटी, कुठलीही टिप्पणी न करता, त्या काळात शाळा सोडून गेलेल्यांची नावं दिली.

पुस्तकात शिक्षकांइतकीच जागा शिपाई मामा, मावशी, ग्रंथपाल बाई आणि व्हॅनवाले काका यांना द्या. त्यांना लिहायला सांगू नका, त्यांच्याशी बोला आणि उतरवून घ्या. मामांकडून तासाचे टोल कळले: तास सुटताना एक, मधल्या सुट्टीला लागोपाठ, शाळा सुटताना लांबलचक. पितळी तास कुठल्या कोपऱ्यावर मारला की आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो हेही त्यांनी दाखवलं. तो आवाज ध्वनिमुद्रित करून पुस्तकात क्यूआर कोड छापायचा विचार होता. पण शाळेने दिलेली ई-मेल खाती दहावीनंतर बंद होतात आणि त्यांवर ठेवलेल्या फाइलीही जातात. कोड छापायचा असेल तर फाइल शिक्षकांच्या किंवा शाळेच्या कायमच्या खात्यावर ठेवावी. आम्ही कोड वगळला.

छायाचित्रांबद्दल एक हिशेब पाठ करून ठेवा: छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा असतो, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. ए-५ पानाच्या रुंदीला तो जेमतेम पुरतो. दोघा-तिघांचा फोटो असेल तर चालतं. वर्गाच्या ग्रुप फोटोला चालत नाही: एका रांगेत पंधरा मुलं उभी असली की एकेकाच्या वाट्याला शंभर पिक्सेल येतात आणि चेहऱ्याला त्याच्या निम्मे. छापल्यावर तो चेहरा चार मिलिमीटरचा धुरकट ठिपका होतो. ग्रुप फोटोची मूळ फाइल छायाचित्रकाराकडून पेन ड्राइव्हवर घ्या. बाकीचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. ग्रुप फोटो समोरासमोरच्या दोन पानांवर पसरू नका. शिवणीत मधली दोन-तीन मुलं गडप होतात, आणि ज्याचा चेहरा गेला त्याच्यासाठी तो फोटोच गेला. आम्ही फोटो पानावर आडवा टाकला. पुस्तक फिरवून बघावं लागतं, पण सगळे दिसतात. खाली नावं ‘मागची रांग, डावीकडून’ अशी. ती लिहिताना फोटोतलाच एक जण शेजारी बसवा.

टंकलेखनाने सगळ्यांत जास्त छळलं. चिठ्ठ्या नऊ जणांनी वाटून घेऊन फोनवर टाइप केल्या. सगळं युनिकोडमध्येच ठेवायचं, कारण छापखान्यात अजून जुन्या पद्धतीचे फाँट वापरात आहेत आणि एकातून दुसऱ्यात गेलं की जोडाक्षरं विसकटतात. फाँट मराठी वळणाचा हवा. ‘ल’ आणि ‘श’ पाहिले की लगेच कळतं. हिंदी वळणाचे असले तर पान परकं दिसतं. आम्ही ‘मुक्त’ हा विनामूल्य फाँट वापरला, ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १६. त्यात परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की मराठी वळणाची अक्षरं येतात; निवडली नाही तर हिंदीची. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणार असाल तर परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावल्याशिवाय जोडाक्षरं तुटकी दिसतात. पहिल्या दिवशी ते माहीत नव्हतं आणि फाँट खराब आहे असं वाटून तीन फाँट बदलले होते. आणि ‘ऱ्या’. काही कळफलकांवर तो साधा ‘र’ आणि मध्ये एक अदृश्य चिन्ह घालून तयार होतो. फाइल एका प्रणालीतून दुसरीत गेली की ते चिन्ह गळतं आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. शेवटच्या मुद्रितात अशा ६० जागा सापडल्या. ‘र्या’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून बदला. सरसकट बदललं तर ‘सूर्या’चाही बळी जातो.

शुद्धलेखन दुरुस्त केलं, बोली नाही. ‘आम्ही खूप हसलेलो’ हे ‘हसलो होतो’ करायची गरज नाही. मुद्रितं तपासताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ चिठ्ठी बघायची. नावांची पानं मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे तपासायची. सरळ वाचलं की ओळखीची नावं डोळा वाचतच नाही.

२१ फेब्रुवारी ते १७ मार्च बोर्डाची परीक्षा. त्या काळात कामाला कुणीही हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं आणि ते पाळलं. २० मार्चपासून पुन्हा बसलो आणि २५ एप्रिलला फाइल छापखान्यात दिली. शुभेच्छा समारंभाच्या दिवशी पुस्तक वाटायचा मोह आवरा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते घाईत होतं आणि दहावीचा शेवट त्यात येतच नाही. परीक्षेनंतर सगळे एकत्र येण्याचा हक्काचा दिवस एकच असतो, गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा. तो दिवस धरून उलटी गणती केली.

छपाई डिजिटल. एवढ्या कमी प्रतींना ऑफसेट परवडत नाही, प्लेटचाच खर्च अंगावर येतो. ९६ पानं ठरवली ती ८च्या पटीत बसतात म्हणून: ए-३ कागदाच्या एका बाजूला ए-५ची चार पानं, दोन्ही बाजू मिळून आठ. ८८ पानं काळी-पांढरी, ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, ११ कागदांत. आठ रंगीत पानं गुळगुळीत आर्ट पेपरच्या एका शीटवर. एकमेकांच्या सह्यांसाठी ठेवलेली आठ पानं कुठल्याही परिस्थितीत आर्ट पेपरवर नकोत. त्यावर जेल पेनची शाई वाळत नाही आणि पान मिटलं की समोरच्या पानावर उमटते. मॅपलिथोवर बॉलपेन, जेल, शाईपेन काहीही चालतं.

कागदाच्या ‘ग्रेन’चा धडा शुक्रवार पेठेतल्या बाइंडरकाकांनी दिला, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. नमुना प्रत आम्ही घरगुती पद्धतीने ए-४ कागदावर दोन-दोन पानं छापून, मधून कापून बांधायला नेली होती. बांधून झाल्यावर ती उघडी राहीचना. बोट काढलं की फटकन मिटायची, आणि पाठीजवळ पानांना लाटा आल्या होत्या. काकांनी एक पान घेऊन आधी उभं वाकवलं, मग आडवं. एका दिशेला ते मऊपणे वळलं, दुसरीकडे अडलं. कागदातले तंतू एका दिशेने बसलेले असतात, आणि ते पुस्तकाच्या पाठीला समांतर असले तरच पान मोकळं उलटतं. ए-४ कागदात तंतू बहुधा लांब बाजूने असतात. तो मधून कापला की ए-५ पानात ते आडवे होतात, पाठीला काटकोनात. तोच मजकूर ए-३ वर चार-चार पानांनी लावला की कापल्यावर तंतू उभे येतात. फक्त मांडणी बदलली, खर्च तेवढाच. पुस्तक टेबलावर ठेवलं की शांतपणे उघडं राहतं. शेजारी ठेवून सह्या घ्यायच्या पुस्तकाला हे हवंच.

बांधणी परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानं पाठीला गोंदाने चिकटवलेली. आतल्या बाजूचा समास किमान १८ मिलिमीटर ठेवा, नाहीतर ओळींची सुरुवात पाठीत शिरते. पाठ जेमतेम पाच मिलिमीटर झाली, त्यामुळे पाठीवर नाव छापलं नाही. जरा सरकलं तरी ते मुखपृष्ठावर येतं. मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं, मॅट लॅमिनेशन. प्रती एक रात्र वजनाखाली ठेवायच्या आणि त्या रात्री कुणीही उघडून पाहायच्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये बाइंडरकडे वह्यांचं काम असतं, म्हणून आपली तारीख मार्चमध्येच सांगून ठेवावी.

खर्च एका प्रतीला १२० रुपये आला: आतली पानं ४४, रंगीत पानं ३६, मुखपृष्ठ २२, बांधणी १८. १८० प्रतींचे २१,६०० रुपये. वर्गणी बंद पेटीत घेतली, कुणी किती टाकले याची नोंद ठेवली नाही. पेटीत थोडे कमी पडले ते शिक्षकांनी भरले. क्लासच्या जाहिराती घेतल्या नाहीत. गुणवंतांचे फोटो छापलेलं एक पान मध्ये आलं असतं तर ६० शब्दांचा नियम तिथेच मोडला असता.

निकाल १३ मे रोजी ऑनलाइन लागला. गुणपत्रकं शाळेत आली त्या दिवशी हॉलच्या एका बाजूला टेबल लावलं. पुस्तक दाखल्यानंतर द्यायचं, आधी नाही. आधी दिलं तर रांगच हलत नाही. दोन नावं फोटोखाली अदलाबदल झालेली पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. तीन ओळींचं शुद्धिपत्र शेजारच्या दुकानातून छापून आणलं आणि त्या पानावर चिकटवूनच पुढच्या प्रती दिल्या. डिंक आणि कात्री त्या दिवशी जवळ असू द्या.

१३२ प्रती मुलांना, २२ शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना, सहा शाळेला. शाळा सोडून गेलेल्या २० पैकी १३ जणांपर्यंत जुन्या शेजाऱ्यांमार्फत, नातेवाइकांमार्फत प्रती पोचल्या. उरलेल्या सात प्रतींवर एकेक नाव लिहिलेली चिठ्ठी लावून त्या ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवल्या आहेत. ग्रंथपाल बाईंनी शाळेच्या प्रतींवर दाखल क्रमांक घातले, या सातांवर घातले नाहीत. कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात असते आणि नावांची यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली आहे.